बिनखांबाची गॅलरी

चुन्याचा भुगा अस्लमच्या खांद्यावर पडला. त्याने मान वर केली, आणि हातातला सरबताचा जग तसाच धरून राहिला.

गॅलरी पेलणारी दाराजवळची सागवानी तुळई भिंतीतून बोटभर बाहेर सरकली होती. तिच्या मुळाशी जांभा दगड फुटला होता. पावसाळाभर भिंतीत मुरलेल्या पाण्याने आपलं काम केलं होतं. आणि वर, त्या गॅलरीत, अर्धी रत्नागिरी उभी होती.

आज अस्लम होडेकरच्या हॉटेलचं उद्घाटन होतं. आजचाच दिवस त्याने मुद्दाम धरला होता, कारण पावसाळ्यात बंद असलेली मुंबईची बोट आज पहिल्यांदा बंदरात येणार होती. बोटीवर खानसामा म्हणून उमर घालवलेल्या अस्लमने झांझिबारला एक हॉटेल पाहिलं होतं. समुद्राकडे झेपावलेली लांब गॅलरी, खाली एकही खांब नाही. तशीच गॅलरी त्याला आपल्या गावात हवी होती. गवंड्याने खांब सुचवले, ते त्याने उडवून लावले. बंदरावरच्या लॉजचा मालक हरिश्चंद्र भाटकर मात्र वर्षभर चारचौघांत सांगत फिरला, "बिनखांबाची गॅलरी म्हणजे माणसं मारायचा धंदा. पडेल एक दिवस." लोक हसायचे. गिऱ्हाईक जाईल म्हणून जळतो म्हातारा, म्हणायचे. अस्लमही तेच म्हणायचा. आज त्याने भाटकरला आग्रहाने बोलावलं होतं. गॅलरीत उभं करून समुद्र दाखवायचा होता त्याला.

अस्लमची बायको कनीज स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याची नजर पाहून तिनेही वर पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"अहो, ओरडा ना! खाली बोलवा सगळ्यांना!"

"ओरडलो तर सगळे एकदम दाराकडे धावतील," अस्लम पुटपुटला. "आणि तुळई नेमकी दाराजवळचीच सुटलीय. तू अंगण मोकळं कर. आणि आता वर कुणाला सोडू नको."

जग तिच्या हातात देऊन तो जिना चढला. दाराशी पोचताच त्याने पाय हलकेच टाकला, भिंतीला लागून. "मंडळी, जेवण तयार आहे. चला, पानं मांडलीत." स्वतःचा आवाज त्याला परका वाटला. कुणी हललं नाही. समुद्रावर दूर धुराची रेघ उमटली होती. "आली, बोट आली!" कुणीतरी म्हणालं, आणि माणसं कठड्यावर आणखी रेलली. पायाखाली लाकूड करकरलं. अस्लमला वाटलं, सगळ्यांना ऐकू गेलं.

ऐकलं होतं एकानेच. हरिश्चंद्र भाटकरने.

त्याने आधी अस्लमच्या खांद्यावरचा चुना पाहिला. मग चेहरा. मग सावकाश खाली, फळ्यांकडे. या क्षणासाठी तर म्हातारा वर्षभर बोलत होता. 'मी सांगत नव्हतो?' एवढं म्हणायचा अवकाश, की सगळं संपलं. अस्लमने छातीशी हात जोडले, इतर कुणाला दिसू नयेत असे.

भाटकर काही न बोलता दारात जाऊन उभा राहिला. त्याच्या देहाने चौकट भरून गेली.

"काय मेली गॅलरी!" तो खणखणीत आवाजात म्हणाला. "हिच्यावरून बोट दिसते ती काडेपेटीएवढी. माझ्या लॉजच्या अंगणातून बघा, कप्तानाच्या मिशा दिसतील! आणि आज माझ्याकडे चहा नि भजी फुकट. यजमान समोर आहे म्हणून लाजू नका!"

हशा पिकला. उद्घाटनाच्या दिवशी, माणसाच्या घरात उभं राहून त्याचीच गिऱ्हाइकं पळवायची! अस्लमची कानशिलं तापली. क्षणभर तो तुळईही विसरला.

"धक्काबुक्की नाय करायची हां," भाटकर पुढे म्हणाला. "धावत येईल त्याला चहा नाय. एकेक या. काका, आधी तुम्ही."

त्याने दारात हात आडवा धरला होता. एक माणूस आत गेला, त्याची पावलं जिन्यावर वाजली, की मगच तो हात वर व्हायचा. पुन्हा आडवा. पुन्हा वर. तेव्हा कुठे अस्लमच्या डोक्यात उजेड पडला.

माणसं त्याच्यासमोरून हसत गेली. "नेली रे तुझी गिऱ्हाइकं," म्हणून एकाने त्याची पाठ थोपटली. अस्लम हसला. पायाखाली आणखी एकदा काहीतरी करकरलं, तरी तो हसतच राहिला.

शेवटी गॅलरीत तो एकटा उरला. भाटकरने हात पुढे केला. "आता तू. भिंतीला घासून ये."

अस्लमचा पाय उंबऱ्यावर पडला आणि मागे तुळई निसटली. गॅलरीचं अर्धं अंग खाली लोंबलं, कठडा अंगणात कोसळला. लॉजकडे निघालेली माणसं वाटेत थिजून मागे बघू लागली.

दोघं जिन्याच्या पायरीवर बसले.

"शेठ," अस्लम म्हणाला, "वर्षभर मी तुम्हाला जळकुकडा म्हणत आलो. आज नुसतं ओरडून सांगितलं असतंत, तरी सगळ्या गावासमोर तुमचंच खरं ठरलं असतं."

भाटकरने वर, दाराकडे पाहिलं.

"वेंगुर्ल्याला माझं हॉटेल होतं," तो म्हणाला. "तुझ्यासारखीच गॅलरी. पालखी बघायला सगळी पेठ वर चढलेली. माझी लेक मालनही होती त्यांच्यात. तुळई सुटलेली मला खालून दिसली."

"मग?" अस्लमने विचारलं.

"मी ओरडलो," भाटकर म्हणाला.