मिशीचा हुकूम

"मिशी कापून ये, मग साच्यावर उभा राहा!" शामराव जॉबरने, विणकाम खात्याच्या मुकादमाने, नव्या विणकराला दारातूनच परत पाठवलं. कोंडीरामला हसू आलं. तीन वर्षांपूर्वी तो बदली कामगार म्हणून लागला, तेव्हा त्याचीही झुपकेदार मिशी अशीच गेली होती.

हुकूम तसा रास्तच. परळच्या त्या गिरणीत चारशे साचे, म्हणजे माग, एकदम धडधडायचे. शेजारच्याची हाकसुद्धा कानावर पडायची नाही. सगळा कारभार ओठांवर आणि बोटांवर. दोन बोटं म्हणजे धागा तुटला, मूठ म्हणजे साचा थांबव. समजलं तर मान हलवायची. न समजता हलवली, की शामराव खवळलेच! "खोटी मान हलवू नको. तुझ्या मानेवर पुढच्याचं काम चालतं."

कोंडीराम कधी चुकला नाही. चुकणार कसा? दोन वर्षांपूर्वीच्या तापात त्याचे कान पार गेले होते. ओठ आणि बोटं, एवढंच त्याला उरलं होतं. हे ठाऊक होतं फक्त बायकोला, शेवंतीला. ती खांद्यावर दोनदा टिचकी मारायची, समोर यायची, मग बोलायची.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला तो शामरावांबरोबर अगदी मंचाखाली बसायचा. लोक "झालाच पाहिजे!" ओरडले, की त्याची मूठ जरा मागाहूनच वर जायची. शामरावांचीही. वय झालं बिचाऱ्यांचं, असं त्याला वाटायचं.

शनिवारी शामराव म्हणाले, "एक जागा रिकामी झालीय. तुला कायम करायचं मनात आहे. उद्या घरी ये, बोलू."

कोंडीरामने मान हलवली, पण मनात एकच घोर. बहिऱ्याला कायम कोण करणार?

"सांगून टाका," रात्री घरी शेवंती म्हणाली.

"आणि हाकललं तर?"

"हाकलू देत. खोटी मान किती दिवस हलवणार?"

रविवारी दोघं लालबागला शामरावांच्या चाळीत गेली. शामराव दाराकडेच तोंड करून बसले होते. त्यांची बायको जाईबाई आडोशामागे चुलीपाशी होती. कोंडीराम बसलासुद्धा नाही.

"शामराव, मी बहिरा आहे. दोन वर्षं लपवलं. चुकलं माझं."

शामराव त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवंतीचा जीव टांगणीला लागला.

"दोन वर्षांत एकदा तरी खोटी मान हलवलीस?"

"नाही."

"मग उद्यापासून तू कायम. आणि हे बाहेर बोलू नको. अरे, रडतोस काय मेल्या? तोंड वर कर!"

कोंडीराम रडता रडता हसला. शामरावही हसायला लागले. शेवंतीला तर नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात आडोशामागे पितळेचं पातेलं खणखणत पडलं. शेवंती केवढी दचकली! दोघे पुरुष हसतच होते.

जाईबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याच्या खांद्यावर त्यांनी दोनदा टिचकी मारली, समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अहो, चहा किती टाकू?"