पुठ्ठ्याखालची जागा

चैती पुठ्ठा ठेवायची, कोळशाने त्याच्याभोवती रेघ मारायची आणि पुढे सरकवायची. मागून आजी शेणाचा हात फिरवत यायची आणि ती रेघ पुसून टाकायची. सकाळपासून दोघींचं हेच चाललं होतं.

“आजे, जरा थांब की. माझं मोजून तरी होऊ दे.”

“तुझं मोजून होईस्तोवर माझं शेण सुकंल,” आजी म्हणाली. तिचंही खरंच होतं. शेणात कालवायचं पाणी तिने पहाटे दरीतल्या झऱ्यावरून डोक्यावर आणलं होतं. सूर्यमाळला या दिवसांत पाणी सांडून चालत नाही. आणि उद्या होळी. होळीला घर बिनसारवलेलं कोण ठेवील?

सरांनी घरची जमीन मोजून आणायला सांगितली होती. एक फूट लांब, एक फूट रुंद पुठ्ठा. मध्ये फट नको, एकावर एक चढवायचा नाही. जितक्या वेळा पुठ्ठा बसेल तितके चौरस फूट, तेच क्षेत्रफळ. चैतीला हे फार आवडलं होतं. खोडाळ्याच्या बाजारातून साबणाचं खोकं मागून आणून तिने पुठ्ठा कापला होता, आणि चारही कडा सारख्या येईपर्यंत आजीचा विळा सोडला नव्हता.

मोजत मोजत ती दाराजवळ आली. दारामागच्या कोपऱ्यात दगडांवर नागलीची कणगी असायची. नागली संपत आली होती, म्हणून सारवण्यासाठी आजीने ती आज दगडांसकट अंगणात नेऊन ठेवली होती. चैती पुठ्ठा टेकवायला गेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

बाकीच्या घरातलं दिवाळीचं सारवण पायाखाली कधीच झिजून गेलं होतं. इथे कुणाचा पाय पडला नव्हता. बोटांच्या गोल गोल रेघा कालच ओढल्यासारख्या होत्या, आणि प्रत्येक फेऱ्यात शेवटची रेघ नव्हती. आईची करंगळी लहानपणी भात कापताना गेली होती. दिवाळी झाल्यावर भिवंडीकडे वीटभट्टीला निघायच्या दिवशी आईने घर सारवलं होतं, तेव्हा गाडी बाहेर उभी होती आणि मुकादम हाका मारत होता.

काल शेजारच्या गोरखच्या फोनवर आई बोलली होती. भट्टी पेटली आहे, शेठ सोडत नाही, होळीला येणं होत नाही. चैती “बरं” म्हणाली होती. आता मात्र तिला आई हवी होती. तिने पुठ्ठा त्या रेघांवर नीट ठेवला आणि त्यावर दोन्ही तळवे दाबून बसली.

आजी सारवत सारवत तिच्यापर्यंत आली.

“उचल तो. एवढंच राहिलंय.”

“नाय उचलायचा. सरांनी सांगितलंय.”

“सगळ्या घरात उचलत आलीस. इथंच काय झालं?”

आजीने शेणाच्या हाताने पुठ्ठ्याचा एक कोपरा वर केला आणि वाकून पाहिलं. भिवंडीला गेलेल्या सुनेचा हात तिला ओळखू येणार नाही असं कसं होईल? मग तिने पुठ्ठा हळूच खाली ठेवला.

पाटीतलं उरलेलं शेण घेऊन ती पुठ्ठ्याच्या चारही बाजूंनी सारवत गेली, त्याच्या कडेला बोट न लावता. उंबऱ्यापाशी आल्यावर कंबर धरून उठली.

“झालं का गं मोजून?” तिने विचारलं.

“नाय अजून.”

“मोज मग,” आजी म्हणाली. “तुझी आयस येईस्तोवर मोज.”