पेठेतला गाळा

मालक वारले आणि पेठेतली इमारत तिच्यातल्या संगणकाच्याच नावावर झाली. विहिरी आटायच्या आधी इमारतीनं कासाराला उठवून पाण्याचे जार विकणाऱ्याला आणलं होतं. तापाच्या साथीआधी औषधाचं दुकान आणलं. तिचा अंदाज कधीच चुकला नाही.

आज तिनं रंगनाथ टेलरना गाळा सोडायला सांगितलं.

“आता कुणाला देतेस?” त्यांनी विचारलं.

“अंत्यविधीच्या सामानाला,” भिंतीतून आवाज आला.

“एवढा मोठा गाळा?”

“वरचे दोन मजलेही लागतील.”

तेवढ्यात शेजारची सुलभा लेकीला घेऊन गणवेश शिवायला आली. “काका, पुढच्या वर्षीही आला पाहिजे हं!”

रंगनाथांनी मान हलवली, माप घेतलं. वाढत्या अंगासाठी ते नेहमी दोन बोटं कापड आत दुमडायचे. आज त्यांनी चार बोटं दुमडलं.