पहिली सुपारी

बायको पूजेत नवऱ्याच्या उजवीकडे बसते, आणि ती हयात नसेल तर नवऱ्याने कमरेला सुपारी खोचायची. सकाळी मुलाच्या, चेतनच्या लग्नाच्या ग्रहशांतीला गुरुजींनी प्रकाशरावांना तशी सुपारी खोचायला लावली होती.

दुपारी त्यांची लेक तेजस्विनी बँकेच्या परीक्षेचं कोडं घेऊन बसली. गोल टेबलाभोवती सहा जण, कोणाच्या उजवीकडे कोण? तिचं डावं-उजवं नेहमी उलटं व्हायचं, म्हणून तिची आई कमल ताटात सुपाऱ्या गोल मांडून समजावायची. कमल गेल्यापासून ते काम प्रकाशरावांकडे आलं होतं.

"पप्पा, पाचच सुपाऱ्या उरल्या. बाकीच्या पूजेत गेल्या."

"मग एक शेंगदाणा ठेव."

"मागच्या टाइमला तुम्ही तो खाऊन टाकला. कोड्यातला मॅनेजरच गायब."

प्रकाशराव थोडे हसले.

"ती कमरेची द्या ना. पूजा तर झाली."

त्यांनी सुपारी काढली, पण मूठ उघडेना.

"द्या पप्पा, आधी हिलाच बसवू. गोलात पहिल्याला कुठेही बसवलं तरी चालतं."



"नाही बेटा. ही माझ्या उजवीकडेच बसते."