पहिला मान

डोकेदुखीवरच्या नव्या गोळीच्या चाचणीत माझे उंदीर पटापट मेले, तेव्हा गाईड सर माझ्यावरच खेकसले, "औषध निर्दोष आहे, तुझा हात कच्चा आहे! उंदराला नळीने धड डोस देता येत नाही आणि निघाली विषशास्त्रात एम.फार्म. करायला!" मेलेले उंदीर त्यांनी स्वतःच अहवालातून उडवले.

मग गोळी बनवणाऱ्या कंपनीने सरांचा सत्कार ठेवला आणि मलाही बोलावलं. "इतकं सुरक्षित औषध मी जन्मात पाहिलं नाही," हेच तासभर घोळवून सांगताना स्वारीचं डोकं ठणकायला लागलं. कंपनीच्या साहेबांनी कौतुकाने तीच गोळी आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

 

सरांनी गोळी घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "छे छे, पहिला मान हिचा! सगळे कष्ट हिचेच तर आहेत."