टाचणीखालच्या चिठ्ठ्या

"चिठ्ठ्या कुठायत?" म्हातारा घड्याळजी असा ओरडला, की शेजारची खिडकी उघडली.

जावई बिचारा शाबासकीची वाट बघत उभा होता. सासऱ्याला खूश करायला त्यानं दोन दिवस खपून टाचणीनं टोचून ठेवलेल्या भुंग्यांच्या पाचही पेट्या पुसल्या होत्या, नव्या काचा बसवल्या होत्या. भुंगे कसे ओळीत, मोठ्यापासून छोट्यापर्यंत.

"प्रत्येक टाचणीखाली पिवळा कपटा होता, बाबा. घाण दिसत होतं. काढून टाकले. सकाळीच कचऱ्याची गाडी घेऊन गेली."

"घाण? अरे शहाण्या, कुठं सापडला, कधी सापडला, ते त्या कपट्यावर होतं! त्याच्याशिवाय हा नुसता मेलेला किडा! उद्या संग्रहालयवाले न्यायला येणार. तारीख नसेल तर हात लावत नाहीत ते. चाळीस वर्षं पाण्यात घातलीस माझी!"

वही नव्हती. वही हरवते, टाचणीखालची चिठ्ठी हरवत नाही, असं हाच घड्याळजी जन्मभर छाती ठोकून सांगत आला होता. आता डोकं धरून खालीच बसला.

स्वयंपाकघरातून घड्याळजीची बायको हात पुसत आली. भुंग्यांना तिनं उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नव्हतं. जावयाला वाटलं, आता हिच्याही तोंडाचा पट्टा सुटणार. सुटलाच.

"हा हिरवा!" तिनं काचेवर बोट आपटलं. "नऊ मे, एकोणऐंशी. माझ्या बहिणीचं लग्न. सगळे फोटोला उभे, आणि हे हॉलमागच्या लाकडांच्या ढिगात! हा शिंगवाला, सतरा ऑगस्ट, त्र्याऐंशी. मला कळा सुटलेल्या, आणि हे दवाखान्याच्या फाटकाशी, दिव्याखाली पालथे! आणि हा चपटा..." तिचं बोट काचेवरच थांबलं. "तीन डिसेंबर. माझ्या आईला स्मशानात पोचवून येत होतो. पुलाजवळच्या वठलेल्या झाडात. त्या दिवशी तरी, अहो!"

घड्याळजीनं वर बघितलं. "तुला... सगळे आठवतात?"

"विसरायला एक तरी दिवस धड दिलात का?" तिनं खुर्ची ओढली आणि पहिली पेटी मांडीवर घेतली. "कागद घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा. आणि या वेळी मधेच उठून जायचं नाही."