ओवलेल्या सुया

"बाप्तिस्मा हवा तर बायको एकच ठेव, तीही पहिली," फादरांनी शिंप्याला निक्षून सांगितलं. शिंपी गळ्यातली मापाची पट्टी गुंडाळत बसला. थोरली बायकोच बोलली, "फादर, माझी नजर अधू झाली तेव्हा मीच हिला सवत करून आणली. तुमच्या प्रार्थनेला आम्हाला हिनंच ओढून आणलं. मी जाते, हिला राहू द्या." "नियम म्हणजे नियम, बाई." घरी धाकटी रडली नाही. थोरलीच्या सुया रोज तीच ओवून द्यायची. आज तिनं डब्यातल्या एकूण एक सुईत पांढरा दोरा ओवला. "ताई, एवढ्या सुयांत ह्यांचा बाप्तिस्म्याचा झगा होईल," म्हणत ट्रंक उचलून निघाली. शेवटची सुई रिकामी झाली तेव्हा झग्याची एक बाही राहिली होती. थोरलीनं सवयीनं सुई शेजारी धरली, "ओव गं." शिंप्यानं हात पुढे केला. तिनं सुई मुठीत आवळली.